मदत हवी आहे: कुत्र्याला 'मट' म्हटलेलं चालतं का?

इंग्रजी बोलीतल्या 'मट' या शब्दाबद्दल जाणकारांना विचारायचंय. मूळ शब्द 'मटनहेड', म्हणजे मेंढीच्या डोक्याचा. त्याचंच हे तुटकं रूप. (आपला 'मठ्ठ' जुळतो तो निव्वळ योगायोग!) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बावळट माणसाला मट म्हणायचे. मग ते मिश्र जातीच्या कुत्र्यांना चिकटलं. बिचाऱ्यांचा काय दोष? 'पूच' हा कुत्र्यासाठीचा दुसरा इंग्रजी बोलीशब्द मात्र कुठल्याही कुत्र्याला चालतो, अगदी खानदानी वंशावळवाल्यालाही.

आता प्रश्न असा, की कुणाच्या लाडक्या कुत्र्याला मालकासमोर 'मट' म्हटलं तर त्याला राग येतो, की आता हा शब्द लाडाचा झालाय? आणि मालकाने स्वतः म्हटलं तर? इंग्रजी बोलणाऱ्यांत रोज वावरणाऱ्यांनी प्लीज सांगा.