मुंबईला घाट उतरत जाणारी गाडी 'अप' कशी? (आणि परतीच्या रविवारचे इतर प्रश्न)

खिडकीवाली सिस्टर

महिन्यातून एकदा गावी जाते. शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली की कराड, आणि रविवारी कोयना एक्सप्रेसनं परत मुंबईला. सोमवारी सकाळी सातला वॉर्डात हजर व्हायचं असतं. जाताना गाढ झोप लागते, येताना डोळ्याला डोळा लागत नाही. मग खिडकी.

आईनं दिलेला डबा लोणंद यायच्या आत संपतो. त्यानंतर जे दिसेल ते ड्युटीच्या डायरीत मागच्या पानावर लिहीत बसते. आता ते पान भरलंय. डब्यात कुणाला विचारलं की "सिग्नल नसेल" एवढंच उत्तर मिळतं, प्रश्न कुठलाही असो. म्हणून इथं विचारते.

पहिला घाटाचा. लोणावळा गेलं की गाडी घाटात थांबते. फलाट नाही, उतरणारं कुणी नाही. एक केबिन, दोन-चार माकडं, खाली दरी. थोड्या वेळानं आपली आपण चालू लागते, मग पुढं परत थांबते. सिग्नल नसेल, मान्य. पण गेल्या सात खेपांत मी घड्याळ लावून बघितलंय (आमचं ते छातीला उलटं टाचायचं घड्याळ), एकदाही न थांबता गेली नाही. एखाद्या रविवारी तरी सिग्नल असायला नको का?

दुसरा, कराडच्या फलाटावर सगळे 'अप कोयना' म्हणतात. अप म्हणजे वर ना? मग ही गाडी तर घाट उतरून समुद्राकडं चाललीय.

तिसरा फाटकवाल्याचा. हिरवा झेंडा धरून उभा असतो. लहानपणी आम्ही त्याला टाटा करायचो, आता नीट बघितलं तर तो आमच्याकडं बघतच नाही. त्याची नजर खाली, चाकांवर. गाडी पूर्ण जाईपर्यंत मान तशीच. आमच्याकडं नवा डॉक्टर राउंडला आला की पेशंटच्या तोंडाकडं न बघता मॉनिटरकडं बघतो, तसा.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर 'कराड' देवनागरीत दोनदा का लिहितात? आणि खाली समुद्रसपाटीपासून उंची, ती कुणासाठी?

शेवटचा. नाडी मोजायची सवय असल्यामुळं मी विजेचे खांब मोजते. साताऱ्याच्या अलीकडं एका मिनिटात वीस भरले. दोन खांबांत साठ मीटर धरले तर ताशी ७२ किलोमीटर. बरोबर आहे का?

जाता जाता: रविवारी जेजुरीला देवाला जाऊन आलेली माणसं चढतात, कपाळ पिवळं, हात पिवळे. मागच्या खेपेला एका आजींनी माझ्या बॅगेवर हात टेकला आणि आतल्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या कॉलरला भंडारा लागला. रात्री हॉस्टेलवर साबण लावला तर डाग लालभडक! क्षणभर मलाच रक्त वाटलं. साबण आम्लारीधर्मी असतो, हळद आम्लारीनं लाल होते, हे दहावीला शिकले होते. पण रात्री अकराला ते कुणाला आठवतंय.

पासहोल्डर_पुणे

ताई, अपचं सोपं आहे. चढ-उताराशी संबंध नाही. मुख्यालयाकडे जाणारी ती अप, तिथून निघणारी ती डाउन. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबई, म्हणून मुंबईकडे येणारी अप. इंग्रज त्यांच्याकडे लंडनला जाणाऱ्या गाडीला अप म्हणत, ती सवय इकडे आली. आपल्या बाजूच्या गाड्यांचे आकडे बघा: तुमची मुंबईला जाणारी कोयना ११०३०, मुंबईहून येणारी ११०२९. डेक्कन क्वीनही पुण्याहून निघते ती १२१२४. मुंबईकडे सम, उलटी विषम. मी तेरा वर्षं पास काढतोय, तिकीट न बघता गाडी कुठल्या बाजूची ते सांगतो.

उंची ड्रायव्हरसाठी असते. पुढचं स्टेशन किती उंच आहे त्यावरून इंजिनाला किती जोर लावायचा ते त्याला कळतं.

निवृत्त गार्ड

पासहोल्डर, अपचं बरोबर. उंचीचं मात्र मोबाईलवर फिरणारं आहे. ऐंशीच्या वेगानं जाणारा ड्रायव्हर पाटीवरचे बारीक आकडे वाचून जोर ठरवत बसला तर झालंच. नवा मार्ग मिळाला की त्याला आधी शिकायच्या फेऱ्या कराव्या लागतात, 'रोड लर्निंग' म्हणतात. कुठं चढ, कुठं उतार, कुठं सिग्नल वळणाआड, सगळं डोक्यात बसल्यावरच गाडी हातात देतात. शिवाय रुळाच्या कडेला चढ-उताराचे वेगळे खुंट असतात. पाटीवरची उंची मार्ग आखताना, बांधताना कामाची. नंतर ती पाटीवर राहिली.

आता सिस्टर, तुमचा घाट. मी २९ वर्षं गार्ड होतो (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, घरी बायको अजून गार्डच म्हणते). बोरघाट १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. पुण्याला जाताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात ती त्यासाठी. चढताना फार तर गाडी अडेल. भीती उतरतानाची. साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली यायचं, आणि ब्रेक धरले नाहीत तर?

म्हणून मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मेन लाइनचा सांधा मुद्दाम दुसऱ्या बाजूला लावून ठेवलेला असतो. ती बाजू म्हणजे कॅच सायडिंग. रूळ डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि तिथंच संपतो. सुटलेली गाडी त्यात शिरली की चढावर तिचा जोर मरतो. शहाणी गाडी आधी उभी राहून दाखवते, की ब्रेक माझ्या ताब्यात आहेत. ठरलेला वेळ उभी राहिली की मग सांधा फिरतो आणि सिग्नल पडतो. तेव्हा तुमचा शेजारी खोटं बोलत नाही. सिग्नल नसतोच. उभं राहिल्याशिवाय मिळत नाही.

फाटकवाला चाकांकडंच बघतो, तेच त्याचं काम. ॲक्सल तापून धूर येतोय का, काही लोंबतंय का, कुठं ठिणग्या उडतायत का. दिसलं की लाल झेंडा. आम्हाला डब्यात बसून आमचीच चाकं दिसत नाहीत हो. आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पिवळी फुली, 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल) पाटी आणि रात्रीचा लाल दिवा स्टेशनवाले बघतात. शेवटचा डबा आला म्हणजे गाडी अख्खी आली. फुली दिसली नाही तर मागं काही डबे तुटून राहिले असं धरून पुढच्या हालचाली करायच्या.

कराड दोनदा: वर मराठी, मधे हिंदी, खाली इंग्रजी. लिपी एकच, त्याला रेल्वे काय करणार.

ओव्हरहेडवाला

खांबांचं सांगतो, पोटापाण्याचा विषय आहे. साठ मीटर हा अंदाज वाईट नाही, पण खांबांतलं अंतर सारखं नसतं. सरळ मार्गावर जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर कमी, कारण तार काही वळत नाही, ती खांबाखांबाला ओढून वळवावी लागते. साताऱ्याच्या बाजूला वळणं भरपूर, त्यामुळं तुमचा वेग थोडा फुगला असणार. खांबावर दोन आकडे असतात: किलोमीटर, आणि त्या किलोमीटरातला कितवा खांब. किलोमीटरचा आकडा बदलला की घड्याळ लावा, परत बदलला की थांबवा, आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ४५ सेकंद लागले तर ताशी ८०. मुंबईकडं येताना हे आकडे उतरत जातात. पुणे १९२ वर आहे.

रत्नांग्रीकर

आमच्या कोकण रेल्वेवर असला खेळ खेळायचा तर उक्शी ते भोके खेळा. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. लहानपणी श्वास रोखून बसायचो, कुणाचं काय होतंय! शिवाय आमच्याकडे मालगाडीवर अख्खे ट्रक चढवून नेतात, १९९९ पासून, त्याला रो-रो म्हणतात. एकदा सायडिंगला आमची गाडी उभी, बाजूला रो-रो. ट्रकचा ड्रायव्हर केबिनमधे पाय वर घेऊन निवांत, ट्रकचं स्टिअरिंग स्वस्थ, आणि तो ताशी शून्यानं चाललेल्या आमच्याकडे दयेनं बघतोय. गणपतीवरून नोकरीवर परत येताना असली दया झोंबते.

खिडकीवाली सिस्टर

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, नाईट होत्या.

आजीला फोनवर घाटाचं सांगितलं. तिला घाटाचं काही नाही, ती म्हणाली तुमची गाडी निदान सरळ जाते, आमच्या वेळी पुण्यात उतरून मुंबईची दुसरी गाडी धरायला लागायची. १९७१ पर्यंत मिरज-पुणे मीटरगेज होती ना, म्हणजे अरुंद रुळांची, आणि पुण्याहून मुंबईचे रूळ रुंद. एका हातात ट्रंक, कडेवर माझा बाप.

काल परत आले. किलोमीटरचे आकडे मोजले. ५४ सेकंद, म्हणजे ६६-६७. माझा ७२ खरंच फुगलेला होता.

लोणावळ्यानंतर मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिले. गाडी थांबली. या वेळी मला तो रूळ दिसला. मेन लाइनचे रूळ चकचकीत, हा तांबूस, मधे गवत माजलेलं, आणि सरळ डोंगरात चढत गेलेला. इतके महिने त्याच्यासमोर उभी राहात होते, दिसला नव्हता. दाराशी एक काका पेपर वाचत होते. विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "सिग्नल नसेल."

"नाहीच आहे," मी म्हटलं. त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडं बघितलं.

गार्डकाका, एकच राहिलं. केबिनच्या मागं दोरीवर एक लाल आणि एक हिरवा झेंडा धुऊन वाळत घातले होते, चिमटे लावून. ते वाळेपर्यंत गाडीला काय दाखवतात?

निवृत्त गार्ड

दुसरी जोडी असते. पण धुतले? आमच्या वेळी कुणी धूत नसे. माझा हिरवा झेंडा शेवटी शेवटी इतका मळला होता की बायको त्यानं चुलीवरचं भांडं उतरवायला निघाली होती.