लाटा निळ्या चमकतात, मग तिसऱ्या (शिंपले) खाव्यात का?

कोथरूडकर: डिसेंबरात पुण्याहून देवगडला चाललोय, तिथे रात्री लाटा निळ्या चमकतात म्हणे, तर पाण्यात उतरावं का आणि तिसऱ्या खाल्ल्या तर चालतील का?

खाडीवाला: नॉक्टिल्युका ते, समुद्रातला चमकणारा एकपेशी सूक्ष्मजीव. पावसाळ्यात नद्या आणि तळातून वर येणारं पाणी खत आणतं, त्यावर डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं, वाढतात आणि हा पठ्ठ्या ते गट्टम करतो. तसं विष नाही त्याच्यात पण अमोनिया साठवतो, फार माजला की मासे मरतात. दाट असेल तिथे डुंबू नका. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूलाही दिसलं होतं.

पेठेतली: तिसऱ्यांचं वेगळंय हं, त्या पाणी गाळून खातात, दुसरं एखादं विषारी शेवाळ माजलं असेल तर विष त्यांच्यात साठतं आणि कितीही उकळा, जात नाही! पाण्याचा रंग बदललेला दिसला तर सरळ सोडून द्या.

कोथरूडकर: बरं, मग सुरमईच.