घरच्या घरी मोजमापाची उपकरणं: पहिलं काय बनवू?

सातमेगा_नाशिक
नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं (हौशी रेडिओचं) रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स नुकतंच मिळालंय. ७ मेगाहर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर जोडलाय, शेवटी पॉवर वाढवायला एक आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर. पण तो किती वॉट देतो ते बघायला जवळ फक्त मल्टिमीटर आहे. ऑसिलोस्कोप परवडत नाही. सरळ नॅनोव्हीएनए (अँटेना-फिल्टर तपासायचं छोटं तयार उपकरण) मागवू की काही हाताने बनवू?

कथीलवाला
नॅनोव्हीएनए अँटेना आणि फिल्टर बघायला झकास आहे, पण ट्रान्समीटर थेट त्याला जोडलात तर त्याची राखच होईल. आधी डमी लोड बनवा, म्हणजे अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर. १ किलोओहमचे २ वॉटवाले २० मेटल फिल्म रेझिस्टर पॅरललमध्ये. झाले ५० ओहम, ४० वॉट. वायरवाउंड फुकट मिळाले तरी नकोत, आत तारेची गुंडाळीच असते, म्हणजे रेडिओच्या सिग्नलला तो निव्वळ रेझिस्टर राहत नाही. कॉपर क्लॅडचे (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचे) दोन तुकडे घ्या, मध्ये रेझिस्टर उभे करा आणि पाय अगदी आखूड ठेवा.

त्याच लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (१०० व्होल्टचा) लावा. कपॅसिटरवर मल्टिमीटर डीसीला. आलेल्या आकड्यात डायोडचे ०.६ व्होल्ट मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. ते तुमचे वॉट. सगळा खर्च एका मिसळीच्या प्लेटइतका.

एक लक्षात ठेवा: डायोडवर उलटा ताण शिखराच्या दुप्पट येतो. १० वॉटला तो ६३ व्होल्टच्या आसपास जातो, त्यामुळे या डायोडने १० वॉटच्या आतच खेळा.

सातमेगा_नाशिक
धन्यवाद काका! जुन्या काळी लोड तेलाच्या डब्यात बुडवायचे असं ऐकलंय. घरातलं खोबरेल चालेल का?

कथीलवाला
हीथकिटचा कँटेना तसाच होता, पण त्यात ट्रान्सफॉर्मर ऑइल असायचं. तुम्हाला ५ वॉटला तेलाची गरजच नाही. आणि नाशिकच्या थंडीत खोबरेल गोठलं तर वहिनींना काय सांगाल?

टापकीर_गल्ली
मी जरा वेगळं सांगतो. हैदराबादच्या फरहान यांचा (व्हीयू२ईएसई) अँट्यूइनो बघा. मोजमापाचं उपकरण आहे; अर्डुइनो नॅनो, सिग्नल तयार करणारी एसआय५३५१ आणि सिग्नलची ताकद मोजणारी एडी८३०७ या चिप्सवर चालतो. एकाच डब्यात एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते), पॉवर आणि फिल्टरचा वक्र. सुटी उपकरणं करत बसलात तर वर्ष जाईल.

डबा_आणि_गुण्या
वर्ष गेलं तर गेलं की, हौसेला मोल नाही. शिवाय डब्यातला आकडा खरा की खोटा हे ताडून बघायला दुसरं काहीतरी हवंच ना? माझ्याकडे एडी८३०७चा मीटर आहे. १ डीबीला (डेसिबलला) २५ मिलिव्होल्ट या हिशोबाने १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडणी) मध्ये घातला की आउटपुट २५० मिलिव्होल्टने उतरायला पाहिजे. नाही उतरलं तर दोघांपैकी एक लबाड आहे.

माझ्या बाबतीत अ‍ॅटेन्युएटर लबाड निघाला. रेझिस्टर १ टक्क्याचे, हिशोबही बरोबर (π (पाय) आकाराच्या जोडणीत बाजूचे दोन ९६ ओहमच्या जवळपास, मधला ७१). पण सगळे टप्पे मी एकाच मोकळ्या डब्यात मांडले होते. एक-एक टप्पा ठीक, सगळे लावले की सिग्नल हवेतूनच पलीकडे उडी मारायचा. टप्प्यांच्या दर दोन स्विचच्या मधोमध कॉपर क्लॅडची भिंत घातली तेव्हा कुठे सुधारला.

डबाही कॉपर क्लॅडचाच करा. आधी फक्त कोपऱ्यांना एकेक डाग द्या, गुण्या लावून काटकोन बघा, मगच शिवण भरा. कथील निवताना आक्रसतं आणि पत्रा आत ओढतं, म्हणून भिंत केसभर बाहेर झुकती ठेवायची. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने हे होणार नाही, तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. माझे पहिले तीन डबे लाडवाच्या डब्यासारखे पोचट झाले. चौथा अजून टेबलावर आहे.

सातमेगा_नाशिक
लोड झाला! मल्टिमीटरवर ४९.८ ओहम. डायोडवर २०.४ व्होल्ट आले, म्हणजे २१ चा वर्ग ४४१, भागिले १००... ४.४ वॉट! घरात पेढे वाटले.

कथीलवाला
अभिनंदन. मध्ये लो पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) होता ना? डायोड शिखर मोजतो. हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट सिग्नल) मिसळले असतील तर तरंगाचा आकार बिघडतो आणि आकडा फसवा येतो.

सातमेगा_नाशिक
नव्हता. 😐 फिल्टरच्या कॉइलसाठी टी५०-२ टोरॉइड (कड्यासारखा गाभा) आणून रविवारी तार गुंडाळायला बसतो. पेढे परत मागता येत नाहीत.