इक्वितेस : शिलेदार, सरदार की आणखी काही?

मधुमालती : रोमन प्रजासत्ताकावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. 'इक्वितेस' या रोममधल्या श्रीमंत वर्गाच्या नावापाशी अडले. शब्दशः घोडेस्वार, पण रोमन वक्ता सिसेरोच्या काळापर्यंत घोड्याचा संबंध नावापुरताच उरला होता. चार लाख सेस्टर्सची (रोमन नाणं) मालमत्ता, बोटात सोन्याची अंगठी, अंगरख्यावर अरुंद जांभळा पट्टा (सिनेटरांचा रुंद). मी 'शिलेदार' लिहिलं, संपादकांनी 'सरदार' केलं. सरदार म्हटलं की सत्ता आली. यांच्याकडे पैसा होता, सिनेटमध्ये जागा नव्हती.

पागानवीस : शिलेदार नकोच, अर्थ उलटा होतो. स्वतःचं घोडं आणतो तो शिलेदार, सरकारी पागेतलं मिळतं तो बारगीर. रोममध्ये मानाच्या अठरा सेंचुरींतल्या (तुकड्यांतल्या) स्वारांना घोडा सरकारातून मिळे. म्हणजे ते बारगीर! आपल्याकडे मान शिलेदाराचा मोठा, तिकडे सरकारी घोडा हाच मान.

मधुमालती : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इ. स. पू. ४०३ मध्ये व्हेई शहराच्या वेढ्याच्या वेळी पैसेवाले स्वतःचे घोडे घेऊन पुढे आले. ते तर शिलेदारच ना?

शब्दवेडा : आमचे मास्तर सांगायचे, शिळेसारखा अढळ तो शिलेदार.

पागानवीस : नाही हो. अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र, त्याला फारसी 'दार'.

नीरक्षीर : म्हणजे सरदार, शिलेदार, बारगीर सगळे परकेच. सरळ 'अश्ववर्गीय' म्हणा.

आजोळ : तो शब्द प्राणिशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो. आमच्या गावात बारगीर आडनावाची घरं आहेत, त्यांना सांगून बघा परके आहात म्हणून. तीनशे वर्षं तोंडात असलेला शब्द आपलाच. शिलेदारला माझी हरकत वेगळी आहे. वर्तमानपत्रांत आता शिलेदार म्हणजे नेत्याचा खंदा कार्यकर्ता. वाचक यांना सीझरची माणसं समजेल.

हिशेबनीस : धंदा बघा ना. इ. स. पू. २१८ च्या क्लॉडियन कायद्याने सिनेटरांना मोठी जहाजं बाळगायला बंदी झाली. सरकारी कंत्राटं आणि पुढे आशिया प्रांताच्या करवसुलीचा मक्ता इक्वितेसकडे. आपल्याकडे याला इजारदार म्हणतात.

मधुमालती : सगळे मक्ते घेत नव्हते, बरेचसे नुसते जमीनदार. सिसेरो अशाच घरातला, अर्पिनमचा. घराण्यात आधी कुणी सिनेटर नसताना इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला. त्याला इजारदार कसं म्हणू? मूळ शब्दच ठेवून तळटीप द्यावी, असं वाटू लागलंय.

नीरक्षीर : तळटीप दिली म्हणजे अनुवाद केला नाही.

आजोळ : 'क्लिएन्स'ला काय लिहिलंत? पहाटे धन्याच्या दारात हजेरी लावणारे, मताला त्याच्या मागे उभे राहणारे.

मधुमालती : 'आश्रित'.

आजोळ : 'कूळ' का नाही? पणजोबांची सावकारी होती, घरात देणेकऱ्याला कूळच म्हणत. सणाला ही कुळं वाड्यावर येत, अडीनडीला पणजोबा त्यांच्यासाठी कचेरीत शब्द टाकत. हे नातं 'आश्रित'मध्ये येत नाही, त्यात माणूस नुसता पोसलेला वाटतो.

हिशेबनीस : कूळ म्हटलं की कूळकायदाच आठवतो. आमची जमीन त्यातच गेली.

आजोळ : आमचीही गेली. म्हणून शब्द सोडायचा?