गटात न बसणारं पद: उत्तर तपासायचं की कारण?

चिंचेखालची शाळा
जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. परवा फळ्यावर लिहिलं: बैल, म्हैस, शेळी, कोंबडी. गटात न बसणारं कोण? गाईडात उत्तर कोंबडी, कारण दोन पाय. पहिल्या बाकावरून कोंबडीच आली, पण कारण निराळं: "तिला दावं नसतं." मागून एकजण म्हणाला म्हैस, कारण ती पाण्यात बसते. मग एक मुलगी, जी हजेरीलाही धड तोंड उघडत नाही, म्हणाली, "बैल. बाकीच्या बाया आहेत." वर्ग हसून लोळला. मी खडू हातात धरून उभी. खरंच की!

प्राथमिकच्या वर्गात विचार करायला लावणारं याहून स्वस्त साधन मला सापडलेलं नाही. दहा मिनिटं, चार शब्द. अट एकच, उत्तरसूची कपाटात ठेवायची. ती हातात घेऊन केलं की मुलं गाईडवाल्याच्या मनातलं ओळखायला शिकतात, बाकी काही नाही. तुम्हाला काय वाटतं?

गोळा रंगवा
बाई, ऐकायला गोड आहे. मी शिष्यवृत्ती परीक्षेची पोरं घेतो, शाळा भरायच्या आधी, एक रुपया न घेता. दुसऱ्या पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. प्रश्नाला ७२ सेकंद पडतात. त्यातले ५० बुद्धिमत्तेचे. पोरगं बाया-बाप्ये मोजत बसलं तर शेवटचे पंधरा प्रश्न कोरे. उत्तरपत्रिकेवर गोळा रंगवायला जागा असते, कारण लिहायला नसते.

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचंही तेच. सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत. आमच्याकडे त्याने घराची दिशा बदलते. तिथे मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, सगळे आकृत्यांचे. तीन आकृत्या सारख्या, एक वेगळी, विषय संपला. ज्यांच्या घरी दुसरी वाट आहे त्यांनी चार-चार उत्तरं शोधावीत.

खाडीकाठची आई
माझा मुलगा दुसरीत. वर्कशीटवर होडी, विमान, रेल्वे, सायकल. त्याने सायकलला गोल केला, "तिला इंजिन नाही" म्हणून. वहीवर लाल फुली. शाळेत विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "पुस्तकात विमान आहे." तेव्हापासून तो गोल करायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतो. बाईंना माझा पूर्ण पाठिंबा.

शंकासुर
ताई, नाव खाडीकाठची आणि होडीला इंजिन? वल्ह्याच्या होडीला कुठलं आलंय? म्हणजे चिरंजीवांचं कारणही कच्चंच. फुली बरोबर होती, फक्त चुकून.

मूळ धाग्याबद्दल माझी शंका हीच आहे. सगळ्यांची उत्तरं बरोबर म्हटली की उद्या पोरगं सांगेल, "शेळी, कारण ती मला आवडते." त्यालाही शाबासकी देणार? मग त्याला विचार कशाला म्हणायचं?

खाडीकाठची आई
होडीचं बरोबर आहे तुमचं, मला सुचलंच नाही. पण हे त्याला वर्गात कुणी विचारलं असतं तर त्याने स्वतःच सायकल खोडली असती. फुली मारणाऱ्यांनी त्याचं कारण वाचलंच नव्हतं.

चिंचेखालची शाळा
शंकासुर, "काहीही चालेल" असं आमच्याकडे नाही. नियम एकच आहे आणि तो कडक आहे: कारण उरलेल्या तिघांना एकत्र बांधणारं हवं, आणि वेगळ्या काढलेल्याला लागू पडता कामा नये. एकजण म्हणाला, "शेळी, ती पाला खाते." लगेच दुसरा उठला, "आमची म्हैसपण ओढते पाला." शेळी बाद, आणि बाद मी नाही केली. खरा धडा उत्तर देणाऱ्यापेक्षा ते पाडणाऱ्याला जास्त होतो, असं माझं निरीक्षण. मुलं एकमेकांची उत्तरं पाडायला टपलेलीच असतात, तेवढं शिकवावं लागत नाही.

गोळा रंगवा सर, तुमचे ७२ सेकंद मान्य. पण वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक सापडलं की थांबायची सवय तिथे नडत नाही का?

आडवा प्रश्न
अलेक्झांडर लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना असंच कोडं घातलं होतं. हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका. ओंडका हे अवजार नाही, म्हणून तो वेगळा, हे अपेक्षित उत्तर. शेतकरी म्हणाले, चारही लागतात. ओंडकाच नसेल तर करवतीने कापायचं काय? आमच्या आजोबांनीही हेच सांगितलं असतं, वर "हा काय प्रश्न झाला?" असंही विचारलं असतं.

पण मी बाईंच्या विरोधात आहे. वापर बाजूला ठेवून प्रकार बघणं ही शाळेने द्यायची गोष्ट आहे. दाव्याचं उत्तर गोड आहे, कबूल. मात्र चौथीनंतरही मूल गोठ्यातच राहिलं आणि "पक्षी" हा गट त्याला दिसलाच नाही, तर नुकसान त्याचंच. कोंबडीच्या दोन पायांचं कौतुक कुणीतरी करायला हवं.

चिंचेखालची शाळा
हे टोचलं, आणि योग्य जागी टोचलं. त्या दिवशी "पक्षी" हा शब्द वर्गात शेवटपर्यंत कुणी उच्चारलाच नव्हता. मीही नाही.

शंकासुर
नियम पटला. एक घ्या: ९, १६, २५, ४३. छापील उत्तर ४३, बाकीच्या वर्गसंख्या. पण ९ एकटाच एकअंकी, १६ एकटाच सम, २५ एकट्यालाच पाचाने भाग जातो. बाईंच्या नियमाने चारही पास! आता बोला.

गोळा रंगवा
शंकासुरांचं उदाहरण आज सकाळी टाकलं. म्हटलं बघू तरी. वीस मिनिटं गेली, आकृत्यांचा सराव बुडाला. शेवटी एक पोरगं म्हणालं, "सर, चारही बरोबर आहेत, पण परीक्षेत कुठला गोळा रंगवायचा?" मी ४३ सांगितलं. "का?" म्हणाला. म्हटलं, ज्याने पेपर काढला त्याला वर्गसंख्या शिकवायच्या होत्या. त्याने वहीत ४३ लिहिलं आणि बाजूला कंसात "पेपरवाल्याचं" असं लिहून ठेवलं.