फँकोनी अ‍ॅनिमिया, ट्रान्सप्लांट झालेलं: जिभेवर पांढरा चट्टा असेल तर किती थांबावं?

प्रश्न (दंतवैद्य, सांगली):
मुलगी १९ वर्षांची, फँकोनी अ‍ॅनिमिया (डीएनए दुरुस्तीत जन्मजात खोट असलेला आनुवंशिक आजार). लहानपणी भावाच्या मॅरोवर (अस्थिमज्जेवर) ट्रान्सप्लांट झालंय, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल. जिभेच्या डाव्या कडेला ६ मिमीचा पांढरा चट्टा. दुखत नाही, पुसला जात नाही. तंबाखू, मिश्री, सुपारी काही नाही. लागणाऱ्या दाढेची धार घासून दिली आहे. आता किती थांबू?

रक्तविकारतज्ज्ञ:
दोन आठवडे, त्यापुढे नाही; चट्टा तसाच राहिला तर बायोप्सी. वय कमी आणि व्यसन नाही, याचा इथे आधार घेऊ नका. मॅरो भावाचा झाला, पण तोंड, घसा, अन्ननलिका, योनिमार्ग इथल्या पेशी तिच्याच आहेत आणि त्यांच्यातली डीएनए दुरुस्तीची खोट तशीच आहे. तोंड-घशाच्या स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) कॅन्सरचा धोका इतरांच्या कित्येक शेकडा पट असतो. जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) होऊन गेला का, तेही विचारा. त्याने धोका वाढतो, शिवाय त्याचे जाळीदार चट्टेही असेच दिसतात.

ओरल पॅथॉलॉजिस्ट:
बायोप्सी घ्याल तेव्हा चट्टा पूर्ण कापून काढू नका, नंतर सर्जनला कडा सापडत नाहीत. जो भाग लालसर किंवा बोटाला कडक लागतो, तिथून ४-५ मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) घ्या, खोलीसकट. नुसती वरची साल पाठवली, तर पेशी खाली शिरल्यात की नाही हे सांगता येत नाही. फॉर्मवर ‘फँकोनी’ ठळक लिहा. ते नसेल तर एवढ्या तरुण पेशंटमधला डिस्प्लेसिया (कॅन्सरपूर्व पेशीबदल) घर्षणामुळे झालेला बदल समजला जातो.

प्रश्नकर्ते:
धन्यवाद. निदानाचे जुने कागद हरवलेत. ब्रेकेज टेस्ट (गुणसूत्रं किती तुटतात ते पाहणारी फँकोनीची तपासणी) पुन्हा करून घेऊ का?

रक्तविकारतज्ज्ञ:
रक्तावर नको. रक्तपेशी आता भावाच्या, रिपोर्ट नॉर्मल येईल आणि सगळेच गाफील राहतील. त्वचेच्या फायब्रोब्लास्टवर (त्वचेतल्या तिच्या स्वतःच्या पेशींवर) करा. पूर्वी डॅनाझोल (अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोनच्या गटातलं औषध) चालू होतं का, हेही पाहा. असेल तर लिव्हरची सोनोग्राफी करून घ्या, अँड्रोजेनने तिथेही गाठी होतात.

हेड-नेक सर्जन:
कॅन्सर निघालाच, तर भिस्त शस्त्रक्रियेवरच. सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडतं आणि नेमकी तीच जखडण फँकोनीच्या पेशींना सोडवता येत नाही. रेडिएशनही फार जड जातं. म्हणून गाठ लहान असतानाच हाती लागायला हवी. रिपोर्ट चांगला आला तरी दर ६ महिन्यांनी तोंड आणि वर्षातून एकदा दुर्बिणीने घसा तपासा. अल्कोहोलचा माउथवॉश बंद. एचपीव्हीची (कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूची) लस झाली नसेल, तर तीन डोस लगेच सुरू करा.