शब्दचर्चा : मेंदूतली ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणजे जोडणी?

एडीएचडी (लक्ष टिकवणं किंवा स्वस्थ बसणं जड जाण्याची अवस्था) असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूविषयीचा एक लेख मराठीत आणतेय. ‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’ला ‘कार्यात्मक जोडणी’ लिहिलं, पण वाचताना नळजोडणीच आठवते. दुसरं काही? आणि ‘मॅच्युरेशन लॅग’ला ‘मंद विकास’ चालेल का?

– ‘जोडणी’ राखून ठेवा. मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यातल्या, एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तंतूंसाठी तो शब्द चपखल आहे. फंक्शनल हे निराळं प्रकरण. मूल स्कॅनरमध्ये नुसतं पडून असतं आणि दोन भागांतल्या रक्तातल्या प्राणवायूचे चढउतार एका तालात होतात का, एवढंच पाहतात. त्या भागांत थेट तंतू असेलच असं नाही. मी ‘ताळमेळ’ म्हणेन.

– ‘ताळमेळ’ म्हटलं की जितका जास्त तितका बरा, असं वाटतं. इथे गंमत उलटी आहे. मन भटकतं तेव्हा जोरात असणारं मेंदूतल्या भागांचं जाळं (‘डिफॉल्ट मोड’, हे नाव राइकल आणि सहकाऱ्यांच्या २००१च्या लेखापासून रूढ झालं) आणि कामात लक्ष घालताना चालणारी जाळी, यांची वयाबरोबर फारकत होत जाते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१४ साली एडीएचडीच्या मुलांत हीच फारकत मागे पडलेली दिसली. म्हणजे काही जाळ्यांपुरतं तरी वेगळं होणं हाच विकास! म्हणून ‘सहचलन’ सुचवतो. ते घटलं तर काही बिघडलं, असा वास त्याला नाही.

– ‘मंद’ मात्र अजिबात नको, लगेच ‘मतिमंद’ चिकटेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या बाह्यकाची (सर्वांत बाहेरच्या थराची) जाडी मोजली. ती कमाल गाठण्याचं मध्यक वय इतर मुलांत साडेसात, एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. क्रम साधारण तोच, वेळ पुढे गेलेली. हालचालींचा पट्टा तर उलट थोडा लवकर तयार झालेला. ‘पक्वता लांबणे’ लिहा. आणि हे गटाचे आकडे आहेत हेही लिहा, नाहीतर आईबाप पोराला घेऊन स्कॅनच्या रांगेत उभे राहतील.

– ‘सहचलन’ घेते, पहिल्या वापराला खुलासा देऊन. ‘एडीएचडी’ तसंच ठेवू? संपादक ‘अतिचंचलता’ म्हणताहेत.

– तसंच ठेवा. ‘अतिचंचलता’ म्हटलं की वर्गात धुडगूस घालणारा मुलगाच डोळ्यांसमोर येतो. मागच्या बाकावर गप्प बसून गणित अर्धवट सोडणाऱ्या मुलीलाही एडीएचडी असू शकतो.